नागपूरचा सर्व्हर, सालेकसाचा मोबाइल

जुलैत गोंदिया जिल्ह्यात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. बांध्यांमध्ये धानाची रोवणी लागते आणि महाविद्यालयांचे नवे सत्रही उघडते. रोवणीला घरातला प्रत्येक हात लागतो, त्यामुळे पहिले काही आठवडे वर्गातली हजेरी पातळ असते. विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने शिकण्या-शिकवण्याची नवी ऑनलाइन व्यवस्था आणायचे ठरवले, तर ती सहसा याच आठवड्यांत येते, कारण सत्राची सुरुवात हाच कागदावरचा सोयीचा मुहूर्त. नवे ॲप, नवे लॉगिन, नवा पासवर्ड. ऑगस्टमध्ये रोवणी आटोपून वर्गात आलेल्या मुलाला कळते की नोट्स आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येणार नाहीत, पोर्टलवर येतील. आणि त्या पोर्टलची ओळख करून देणारा तास होऊन गेलेला असतो.

या व्यवस्थेला लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. प्राध्यापक मंडळींच्या तोंडी आता ‘एलएमएस’ हेच रुळले आहे. प्रवेश, परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट आणि निकाल ज्या पोर्टलवर होतात ते वेगळे. एलएमएसवर प्रत्यक्ष शिकणे अपेक्षित असते. प्रत्येक विषयाची तिथे एक जागा असते. शिक्षक त्यात धड्यांच्या फाइली आणि व्हिडिओ ठेवतो, गृहपाठ देतो, चाचणी लावतो. विद्यार्थी आपले काम तिथेच जमा करतो आणि गुणही तिथेच पाहतो. कोणी कधी काय उघडले, किती वेळात सोडवले, याची नोंद मागे आपोआप होत राहते.

गोंदियासाठी या व्यवस्थेचे मोल मोठ्या शहरापेक्षा जास्त आहे, आणि त्याचे कारण नकाशावर दिसते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजारांवर होती. महाविद्यालये गोंदिया शहरात आहेत, तशी आमगाव, तिरोडा, गोरेगाव, देवरी, अर्जुनी मोरगावलाही आहेत. आमगावच्या महाविद्यालयाला तर भवभूतीचे नाव आहे, कारण संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी त्या संस्कृत नाटककाराचे पद्मपूर हे आमगावजवळचेच गाव असल्याचे मांडले होते. पण कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या या महाविद्यालयांचे विद्यापीठ नागपुरात, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, म्हणजे आजचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली तिकडे गेले, भंडारा-गोंदिया नागपूरकडेच राहिले. गुणपत्रिकेवरची चूक दुरुस्त करायची तर सालेकसा किंवा ककोडीच्या मुलाला आधी गोंदिया गाठावे लागते, मग गाडीने नागपूरचे इतवारी स्थानक. खरोखर चालणारी ऑनलाइन व्यवस्था अशा मुलाचा दिवस, भाडे आणि बुडणारी मजुरी वाचवते. म्हणून ती कोणती निवडली, कधी आणि कशी आणली, हा विषय संगणक विभागावर सोडून देण्यासारखा नाही.

दूर बसून शिकण्याचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ लागत असे. पुणे विद्यापीठाच्या केंद्रात त्यातले कित्येक कार्यक्रम तयार झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शेतात, कारखान्यात, घरकामात अडकलेल्या माणसापर्यंत पदवी नेण्यासाठी त्यांनी पुस्तक आणि अभ्यासकेंद्र यांची जी घडी बसवली, तिच्यात विद्यार्थ्याच्या अडचणीपासून सुरुवात होती. आजच्या ऑनलाइन व्यवस्थांकडे पाहताना ती घडी पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे.

मार्च २०२० मध्ये मात्र सगळे एका आठवड्यात बदलले. कोरोनामुळे महाविद्यालये बंद झाली आणि ज्याला जे सापडले ते त्याने वापरले. कोणी झूमवर तास घेतले, कोणी गूगल मीटवर. २०१४ पासून असलेले गूगल क्लासरूम बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा उघडले. खेड्यापाड्यात शेवटी टिकले ते व्हॉट्सॲप, कारण ते आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये होते आणि कमी नेटवरही चालत होते. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात मतभेद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने परीक्षेविना पदवी देता येणार नाही असे सांगितले. नागपूर विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये या परीक्षा मोबाइल ॲपवर घेतल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या. शंभर वर्षांकडे निघालेल्या विद्यापीठाची पदवी परीक्षा पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनवर झाली, आणि त्या फोनला रेंज आहे की नाही यावर तिचे भवितव्य टांगले गेले. ‘सर, ओटीपीच नाही येऊन राहिला,’ ‘लॉगिन नाही होऊन राहिलं,’ ही वऱ्हाड-झाडीतली वाक्ये त्या दिवसांत शिक्षकांच्या फोनवर सतत ऐकू येत होती.

ती घाई समजण्यासारखी होती. त्या घाईतले तात्पुरते उपाय पुढे कायमचे होऊन बसले, हे मात्र बरे झाले नाही. कित्येक महाविद्यालयांनी तासांचे व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर साठवले, कारण शिक्षण संस्थांना तिथे जागा फुकट आणि अमर्याद होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ही सवलत संपवत असल्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. एखाद्या छोट्या महाविद्यालयाला ती पुरेल, शेकडो महाविद्यालयांच्या विद्यापीठाला पुरणे कठीण. कंपनीचे धोरण बदलले की शिकवण्याचे साहित्य हलवावे लागते, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले. विद्यापीठे एक व्यवस्था सोडून दुसरीकडे का जातात, याचे हे सर्वांत साधे उत्तर. दुसरी कारणे ओळखीची आहेत: कंपनीशी करार संपतो, परवान्याचे शुल्क वाढते, जुने सॉफ्टवेअर मोबाइलवर नीट चालत नाही, किंवा परीक्षा विभाग आणि शिक्षण विभाग यांची दोन पोर्टले एकमेकांशी बोलत नाहीत.

जगभरात सध्या गाजणाऱ्या एलएमएसच्या नावांपैकी ब्लॅकबोर्ड १९९७ मध्ये आले, कॅनव्हास २०११ मध्ये. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांनी गेल्या दशकात जुनी व्यवस्था टाकून कॅनव्हास घेतले. आपल्याकडे सर्वांत जास्त पसरले ते मूडल. आयआयटी मुंबईपासून जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत ते सापडते. ते मोफत आहे आणि त्याचा कोड कोणालाही पाहता, बदलता येतो. त्याचा जन्म व्यवस्था बदलण्याच्या वैतागातूनच झाला. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात मार्टिन डूगियामास नावाचा तरुण वेबसीटी नावाची विकतची प्रणाली सांभाळत होता. तिच्या मर्यादांना कंटाळून त्याने स्वतःची लिहायला घेतली आणि ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती बाहेर पडली. या माणसाचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वस्तीत गेले होते. जवळ शाळा नव्हती. शॉर्टवेव्ह रेडिओवर शिक्षिकेचा आवाज यायचा आणि अभ्यासाचे कागद अधूनमधून विमानाने यायचे. तुटक संपर्कात शिकणाऱ्या मुलाला काय लागते हे त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणूनच की काय, सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाच्या जंगलपट्टीत कामी येईल असे एक वैशिष्ट्य आज मूडलमध्ये आहे. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी प्रत्यक्ष बदल कसा होतो ते पाहू. बाहेरून वाटते की जुन्या ठिकाणच्या फाइली उचलायच्या आणि नव्या ठिकाणी टाकायच्या. फाइली खरोखर जातात. अडकतात त्या फाइलींना जोडून असलेल्या गोष्टी. प्रश्नसंचातला प्रश्न जातो, पण त्यातली आकृती मागे राहते. व्हिडिओची लिंक जुन्या पत्त्यावरच बोट दाखवत राहते. कोणत्या चाचणीला किती भार द्यायचा याचा हिशोब दोन प्रणाली दोन तऱ्हांनी ठेवतात, म्हणून गुण सरळ उतरत नाहीत. चर्चा, शंका आणि शिक्षकाने लिहिलेले शेरे तर बहुतेक वेळा जुन्या घरातच सोडून द्यावे लागतात.

मराठीतल्या साहित्याचा घोळ याहून खोल आहे. विदर्भातल्या बहुतेक महाविद्यालयांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका कृती देव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेल्या आहेत. या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण संगणक आत साठवतो ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. कृती देवमध्ये टाइप केलेला ‘प्रश्न’ हा शब्द संगणकाच्या लेखी आय, झेड, अपॉस्ट्रॉफी आणि यू अशी चार चिन्हे असतो. तो फाँट ज्या संगणकावर आहे तिथे ‘प्रश्न’ वाचता येतो. तीच फाइल नव्या पोर्टलच्या चौकटीत चिकटवली की ती चार चिन्हे उघडी पडतात, आणि मोबाइलवर पाहणाऱ्या विद्यार्थ्याला भलतीच इंग्रजी बाराखडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. मात्र ती मराठी आणि इंग्रजी यांत फरक करू शकत नाहीत. रसायनशास्त्राच्या मराठी नोट्समध्ये मधेच पाण्याचे सूत्र आले, तर साधन त्यातल्या इंग्रजी अक्षरालाही कृती देवचेच समजून त्याचे देवनागरी करून टाकते. मग ओळ न ओळ माणसाने तपासण्याला पर्याय उरत नाही. धनाचे आणि ऋणाचे चिन्ह, घातांक, रफार, सगळे डोळ्यांखालून घालावे लागते. ज्या विद्यापीठाने पंचवीस वर्षांचे मराठी साहित्य नव्या व्यवस्थेवर आणायचे ठरवले, त्याने या कामासाठी वेगळी माणसे आणि वेगळे पैसे ठेवले नाहीत, तर ते साहित्य पीडीएफच्या चित्रांत बंद होऊन पडते. त्यात शोध घेता येत नाही, अक्षर मोठे करता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही.

ही माणसे कुठून आणायची? महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिक्त आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. घरी बसून प्रश्नसंच तयार करणे, व्हिडिओ छोटा करणे, जुन्या नोट्सचे युनिकोड करणे, रात्री विद्यार्थ्याच्या शंकेला पोर्टलवर उत्तर देणे हे तासिकेत मोजले जात नाही. सत्र संपले की नेमणूक संपते, आणि संस्थेने दिलेला ई-मेल बंद झाला तर त्या खात्यावर तयार केलेला विषयही हाताबाहेर जातो. पुढच्या वर्षी नवा शिक्षक पुन्हा कोऱ्या पानापासून सुरुवात करतो. व्यवस्था बदलण्याचे ओझे सर्वांत कमी मोबदला मिळणाऱ्या माणसावर टाकायचे आणि मग ‘शिक्षक तंत्रज्ञान स्वीकारत नाहीत’ असे अहवालात लिहायचे, हा अन्याय आहे. या कामाचे तास ठरवून त्याचे पैसे देणे हा कोणत्याही नव्या एलएमएसच्या खर्चाचा पहिला भाग असायला हवा. सॉफ्टवेअर मोफत असले तरीही.

विद्यार्थ्याच्या बाजूचा गुंता वेगळा आहे आणि तो बहुतेक वेळा मोबाइल क्रमांकापासून सुरू होतो. खेड्यातल्या मुलाचा प्रवेश अर्ज नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरला जातो. अर्जावर कधी वडिलांचा नंबर असतो, कधी मोठ्या भावाचा, जो कामाला हैदराबादला गेलेला आहे, आणि कधी तर केंद्रचालकाचाच. रिचार्ज बराच काळ झाला नाही की सिम बंद होते आणि तोच नंबर कालांतराने दुसऱ्या कोणाला मिळतो. नवी व्यवस्था सुरू होते, पासवर्ड बदलण्यासाठी ओटीपी मागते, आणि तो ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊन पडतो. त्यातच नावांचा घोळ. आधारवर एक नाव, दहावीच्या सनदेवर वडिलांचे नाव मधे, विद्यापीठाच्या यादीत आडनाव आधी. जुन्या प्रणालीतला विद्यार्थी आणि नव्या प्रणालीतला विद्यार्थी एकच आहे हे संगणकाला पटवायला एखादा न बदलणारा क्रमांक लागतो. नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेल्या ‘अपार’ क्रमांकाचा आणि श्रेयांक बँकेचा खरा उपयोग इथे होऊ शकतो. अट एवढीच की क्रमांक नोंदवताना झालेली चूक तालुक्याच्या महाविद्यालयातच दुरुस्त व्हावी, त्यासाठी नागपूर गाठायला लागू नये.

मग गृहपाठ जमा करणे. मुलगा वहीत दहा पाने लिहितो आणि प्रत्येक पानाचा फोटो काढतो. आजच्या साध्या फोनचा एक फोटोही तीन-चार मेगाबाइटचा असतो, म्हणजे दहा पानांचे तीस-चाळीस मेगाबाइट. पोर्टलने फाइलची मर्यादा पाच मेगाबाइट ठेवलेली असेल तर ते स्वीकारले जात नाही. ठेवलेली नसेल तर कमकुवत रेंजवर चक्र फिरत राहते, ऐंशी टक्क्यांवर तुटते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेवढ्यात दिवसाचा डाटा संपतो. याला उपाय आहे आणि तो महाग नाही. मोफत स्कॅनर ॲपने तीच दहा पाने काळ्या-पांढऱ्या पीडीएफमध्ये घेतली की सगळे मिळून एक-दोन मेगाबाइटांत बसते. पण हे कोणीतरी मुलाच्या शेजारी उभे राहून, त्याच्याच फोनवर, एकदा करून दाखवावे लागते. पोर्टलवर टाकलेल्या इंग्रजी सूचनापुस्तिकेने ते होत नाही.

मूडलच्या त्या वैशिष्ट्याकडे आता येऊ. त्याच्या मोबाइल ॲपमध्ये विद्यार्थी विषयाचे साहित्य एकदा उतरवून घेऊ शकतो आणि नंतर नेट बंद असतानाही वाचू शकतो. शिक्षकाने परवानगी दिली असेल तर चाचणीसुद्धा ऑफलाइन सोडवता येते. उत्तरे फोनमध्ये राहतात आणि पुढे कधी रेंज मिळाली की आपोआप वर जातात. महाविद्यालयाच्या वायफायवर सकाळी धडा उतरवायचा, एसटीने गावी जायचे, रात्री घरी चाचणी सोडवायची आणि दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात आल्यावर ती जमा होऊ द्यायची. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलालगतच्या गावांसाठी याहून उपयोगी सोय नाही. तरी ही सोय शिक्षकाने मुद्दाम चालू करावी लागते, आणि वेळेची मर्यादा लावलेल्या चाचणीला ती चालत नाही. म्हणून घड्याळ लावलेली परीक्षा आणि सरावाची चाचणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. नव्या व्यवस्थेच्या प्रशिक्षणात हे सांगितले गेले नाही, तर ती सोय असून नसल्यासारखीच.

नेटचे जाळे विणले जात नाही असे नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्येच मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट झाली, राज्यात महानेट आले. तरीही ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेली तार आणि मुलाच्या हातातला फोन यांत अजून अंतर आहे. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही मुका होतो. एलएमएस निवडणाऱ्या समितीने आपली चाचणी नागपूरच्या सभागृहातल्या वायफायवर न करता, अशा गावातल्या सात-आठ हजारांच्या फोनवर, भर पावसाळ्यात करावी, असे सुचवणे अवाजवी नाही. निविदेत ती एक अट म्हणून लिहिता येते.

बदल घाईने केला तर काय होते, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले आहे. मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सगळ्या शाखांना लागू केली. काम मेरिटट्रॅक या कंपनीकडे गेले तेव्हा परीक्षांचा हंगाम सुरू झालेला होता. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. त्या स्कॅन करायच्या, क्रमांक जुळवायचे, शिक्षकांना पडद्यावर तपासायला शिकवायचे, आणि हे सगळे काही आठवड्यांत. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती टळली. वाणिज्य आणि विधी शाखांचे निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. परदेशी विद्यापीठांत जागा मिळालेल्या मुलांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट नव्हती आणि आज ती सर्रास वापरली जाते. चुकला तो मुहूर्त: एका छोट्या शाखेवर आधी करून पाहायला हवे होते, आणि जुनी वाट चालू ठेवून.

नागपूर विद्यापीठाचाही असा एक अनुभव ताजा आहे. काही परीक्षांचे काम आधीच्या यंत्रणेकडून काढून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाकडे देण्यावरून २०२२ मध्ये वाद पेटला. पहिल्या वर्षाचे निकाल रखडले, विषय विधिमंडळात पोहोचला, चौकशी लागली आणि शेवटी ते काम परत काढून घेतले गेले. हेच महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, एमएससीआयटीच्या वर्गांमुळे राज्यातल्या गावोगावी ओळखीचे आहे. लाखो लोकांनी संगणकाला पहिला हात त्यांच्या केंद्रात लावला. अनुभवी संस्था हाताशी असली तरी एका यंत्रणेकडून दुसरीकडे जाताना मधल्या महिन्यांची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसेल, तर त्याची किंमत मोजतो तो निकालाची वाट पाहणारा मुलगा. गोंदियाच्या मुलासाठी ती किंमत म्हणजे हुकलेला शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा पुढच्या प्रवेशाची गेलेली तारीख.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे उदाहरण याच्या उलट आहे. दूरशिक्षणाचे हे जुने आणि अवाढव्य विद्यापीठ. २००५ च्या अखेरीस त्यांनी मूडल घ्यायचे ठरवले आणि त्यासाठी सुमारे पन्नास लाख पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. सॉफ्टवेअर फुकट होते, तरी एवढे पैसे ठेवले, कारण खर्च माणसांचा होता. त्यांच्या तंत्रज्ञांनी गुणनोंद आणि चाचण्यांचे भाग सुधारले, अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी वाढवल्या आणि ते सगळे मूडलला परत दिले. आज गोंदियातल्या एखाद्या महाविद्यालयात मूडलवर चाचणी लावली जाते तेव्हा त्यामागे त्या कामाचाही वाटा असतो. नागपूरसारखे विद्यापीठ, मराठी अनुवाद नीट करून घेऊन आणि जुन्या फाँटचे रूपांतर साफ करणारे साधन बनवून, असेच काहीतरी सर्वांना देऊ शकते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून दाखवले आहेत. म्हणजे हे आपल्याकडे जमते.

येत्या काही वर्षांत या व्यवस्थांवरचा भार वाढणारच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतून घेता येतात. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि विषयांच्या निवडी वाढल्या. आमगावच्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा शिक्षकच नसेल, तर मुलीला तो विषय ऑनलाइन घेता येईल, ही या धोरणातली चांगली शक्यता. विशेषतः मुलींसाठी, कारण शिकायला नागपुरात खोली घेऊन राहा असे किती घरे म्हणतील? मूल्यांकन समितीला दाखवण्यापुरता एलएमएस उभारून त्याचा स्क्रीनशॉट फाइलला लावायचा, असे जिथे चालत आले आहे तिथे हा भार पेलणार नाही.

बदलाला हात घालण्याआधी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्या लागतात. करार संपल्यावर सगळे साहित्य, गुण आणि प्रश्नसंच कोणत्या स्वरूपात परत मिळतील. शिक्षकाने तयार केलेला धडा कोणाच्या मालकीचा राहील. जुनी व्यवस्था किमान एक पूर्ण सत्र नव्याच्या बरोबरीने चालू राहील का. मदतीचा फोन नंबर असेल का, आणि तो उचलणारा माणूस मराठी, हिंदी आणि जमल्यास पोवारी-गोंडीत बोलेल का. सत्राच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात एक माणूस टेबल मांडून बसवता येईल. वरच्या वर्गातले दोन-तीन तरबेज विद्यार्थी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून हे काम आनंदाने करतील. आणि तारीख ठरवताना शेतीचा हंगाम पाहावा. उन्हाळी परीक्षेचे दिवस आणि तेंदूपत्त्याचे दिवस इथे एकमेकांवर येतात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला येते. झाडीपट्टीत नव्या लॉगिनसाठी मोकळा वेळ सापडतो तो सप्टेंबरमध्ये, रोवणी उरकून कापणी लागण्याआधी. तेव्हा मुले वर्गात असतात आणि हिवाळी परीक्षेला अजून अवकाश असतो.